उसन्या पावणेदोन रुपयांचे वृत्तपत्र

कावेरीकाठचे तिरुवैयारू हे संत त्यागराजांचे गाव. तेथे १९ जानेवारी १८५५ रोजी जी. सुब्रमण्य अय्यर जन्मले. तंजावरचे शेवटचे भोसले राजे शिवाजी त्याच वर्षी वारले आणि मागे मुलगा नाही म्हणून कंपनीने गादी खालसा केली. अय्यरांचे वडील मुन्सफ कोर्टात वकील होते; पण सुब्रमण्य अय्यर शिक्षकी पेशात शिरले आणि मद्रासला आले.

तेथे तिरुवल्लिकेणी भागातल्या तरुणांचे एक वाङ्मय मंडळ होते. १८७८ मध्ये टी. मुत्तुस्वामी अय्यर यांची मद्रास हायकोर्टाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाली. या जागेवर बसलेले ते तिथले पहिले भारतीय. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी त्यावर गहजब केला. त्याला उत्तर द्यायचे, तर हाती वृत्तपत्र नाही. तेव्हा मंडळातल्या सहा जणांनी, दोन शिक्षक आणि चार कायद्याचे विद्यार्थी, पावणेदोन रुपये उसने घेतले आणि २० सप्टेंबर १८७८ रोजी ‘द हिंदू’चा पहिला अंक काढला. प्रती छापल्या ऐंशी. कायद्याचे विद्यार्थी शिकून पांगले. राहिले दोघे शिक्षक. लेखणी अय्यरांची आणि हिशेबाची वही एम. वीरराघवाचारियर यांची. साप्ताहिकाचे १८८३ मध्ये आठवड्यातून तीनदा निघणारे पत्र झाले आणि १८८९ मध्ये दैनिक.

इंग्रजी पत्र सरकारला आणि वकिलांना ऐकू जाई. गावच्या कुळाला त्याचा काय उपयोग? म्हणून १८८२ मध्ये अय्यरांनी ‘स्वदेशमित्रन्’ हे तमिळ साप्ताहिक काढले. आदल्याच वर्षी पुण्यात ‘केसरी’ सुरू झाला होता. पुढची काही वर्षे मात्र अय्यरांचा भर इंग्रजीवरच राहिला. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास महाजन सभेत ते पुढे होते. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेस पहिल्यांदा भरली, तेव्हा तिचा पहिला ठराव त्यांनीच मांडला. हिंदुस्थानच्या कारभाराची चौकशी रॉयल कमिशनमार्फत व्हावी, अशी ती मागणी होती. सनदशीर, मवाळ आणि नेमकी.

राजकारणातले हे मवाळपण सामाजिक प्रश्नांत नव्हते. बालविवाह, विधवांचे हाल, अस्पृश्यता यांवर ते तिखट लिहीत आणि वर्गणीदारांच्या कपाळाला आठ्या पडत. त्यांची स्वतःची एक मुलगी बालपणीच विधवा झाली होती. १८८९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पुन्हा मुंबईत होते. त्या वेळी त्यांनी तिचा पुनर्विवाह मुंबईतच लावून दिला. मद्रासच्या सनातनी ब्राह्मणांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. विधवाविवाहाच्या बाजूने व्याख्याने देणारे त्या काळी थोडेफार सापडत. घरातल्या मुलीपासून सुरुवात करणारे विरळाच, आणि अय्यरांच्या चरित्रातली सर्वांत धाडसाची गोष्ट हीच म्हणावी लागते.

या लिखाणाचा फटका पत्राच्या गल्ल्याला बसू लागला. अब्रुनुकसानीच्या दाव्यांनीही पैसा खाल्ला. दोघा भागीदारांचे पटेनासे झाले आणि १८९८ मध्ये अय्यर ‘हिंदू’तून बाहेर पडले. सामाजिक सुधारणेच्या वादावरूनच दहाएक वर्षांपूर्वी आगरकरांनी ‘केसरी’ सोडला होता. आगरकरांनी मात्र नवे पत्र काढले. अय्यरांपाशी ‘स्वदेशमित्रन्’ होतेच.

१८९९ मध्ये त्यांनी ते दैनिक केले. रोज तमिळमध्ये राजकारण लिहायचे म्हणजे अर्थसंकल्प, जकात, प्रतिनिधित्व असल्या गोष्टी साध्या वाचकाला कळतील अशा भाषेत मांडायच्या. तशी भाषा आयती तयार नव्हती. १९०४ मध्ये त्यांनी सुब्रमण्य भारती नावाचा तरुण कवी उपसंपादक म्हणून घेतला. इंग्रजी तारांचे आणि भाषणांचे तमिळ करता करता भारतींचे गद्य घडले. इकडे अय्यर अर्थकारणाकडे वळले होते. १८९७ मध्ये लंडनला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे गोखले, वाच्छा आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्याबरोबर त्यांनीही साक्ष दिली होती. ब्रिटिश राज्याच्या आर्थिक परिणामांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९०३ मध्ये निघाले.

वंगभंगानंतर त्यांची लेखणी अधिक कडक झाली. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात राजद्रोहाच्या आरोपावरून अय्यरांना अटक झाली. तब्येत पार खालावलेली होती. हमी लिहून देऊन ते सुटले. जहालांना हे रुचले नाही. पण शरीर महारोगाने पोखरलेल्या माणसाकडून टिळकांसारख्या मंडालेच्या तुरुंगवासाची अपेक्षा ठेवणे जरा जास्तच होते.

शेवटची वर्षे दुखण्यात गेली. १९१५ मध्ये गांधीजी मद्रासला आले असता त्यांना भेटून गेले. त्याच वर्षी ‘स्वदेशमित्रन्’ ए. रंगस्वामी अय्यंगार यांच्या हाती गेले. १८ एप्रिल १९१६ रोजी सुब्रमण्य अय्यर यांचे निधन झाले.