हत्ती दिसला, धडा कुठे?

बी.एड.च्या सराव पाठाला उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, पाठटाचण म्हणजे काय असतं! पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, उपयोजन. एका तासिकेचा सगळा प्रवास आदल्या रात्री रकान्यांत उतरवायचा. या रकान्यांचा माग काढत गेलं की आपण जर्मनीत पोचतो. योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) यांनी अध्यापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्सिलर आणि राइन या अनुयायांच्या हातून त्यांची ‘पंचपदी’ झाली आणि जगभर गेली.

तिचं मर्म अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला चटकन कळेल. संत्र्याचा डोळा भरायचा तो जंबेरीच्या खुंटावर. खुंटाशिवाय तो वाळून जाणार. नवं ज्ञानही तसंच जुन्या ज्ञानावर धरतं.

आता जरा मागे चला. हर्बार्टच्या जन्माआधी सुमारे पाचशे वर्षं! मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या गुरूंचं, गोविंदप्रभूंचं गाव. चक्रधरांच्या आठवणी पंथातल्याच म्हाइंभटांनी माणसं गाठून, खोदून खोदून विचारून ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या. त्यातून केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठ’ सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टान्त आहेत, आणि प्रत्येकाची घडण ठरलेली: आधी सूत्र, मग दृष्टान्त, शेवटी दार्ष्टान्तिक. हा चक्क पाठाचा आराखडा आहे, आणि तोही मराठीत!

हत्तीचाच दृष्टान्त घ्या. जन्मांध माणसं हत्ती चाचपतात. पाय हाती लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान लागला त्याला सुपासारखा. गोष्ट रंगते, ऐकणारे हसतात. इथंच थांबलं तर काय होईल? हत्ती लक्षात राहील आणि सूत्र विसरलं जाईल. म्हणून तिसरी पायरी येते: तसंच एखाद्या अंशाचं ज्ञान झालं की माणूस त्यालाच पूर्ण परमेश्वर समजतो. गोष्टीतला कान आणि आपली समजूत यांची गाठ इथं बांधली जाते.

सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरांचे. ही गाठ बांधणारं दार्ष्टान्तिक मात्र केसोबासांचं मानलं जातं. म्हणजे बघा, स्वामी समोर बसून बोलत होते तेव्हा गाठ प्रसंगातच होती. कोणी काय विचारलं, कशावरून विचारलं, ते सगळ्यांना दिसत होतं. प्रसंग सरला, बोलणारा गेला, तेव्हा नव्या ऐकणाऱ्यासाठी ती शब्दांत बांधावी लागली. किती बारीक नजर!

आजच्या मराठीच्या तासाला हीच पायरी सर्वांत आधी गळते, असं मला वाटतं. विशेषण शिकवायला बाई वर्गात संत्री आणतात. आंबट, रसाळ, केशरी. मुलं भराभर शब्द सांगतात, फोडी खातात. दुसऱ्या दिवशी विचारा, विशेषण म्हणजे काय? ‘संत्रं!’ चूक मुलांची नाही. ‘हे शब्द संत्र्याबद्दल जास्तीचं काही सांगतात, आता तुमच्या दप्तराबद्दल असे शब्द सांगा’ एवढं एक वाक्य राहून गेलं.

आणि टाचणाचा पहिला प्रश्न, समोर बसलंय कोण? त्याचंही उत्तर याच परंपरेत आहे. केसोबास संस्कृतचे पंडित, संस्कृतात रचना करणारे. पण चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, असं ‘स्मृतिस्थळ’ हा पंथाचा ग्रंथ सांगतो. कारण काय? संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील! एका विद्वानाची सगळी विद्वत्ता एका बाजूला आणि पुढ्यात बसलेल्या आजीबाई दुसऱ्या बाजूला. आचार्यांनी आजीबाईंची बाजू घेतली. गोविंदप्रभूंच्या त्याच रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. तिथं उद्या भाषाशिक्षक घडतील, तेव्हा हर्बार्टच्या शेजारी केसोबासांचे सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक हे तीन रकानेही फळ्यावर आखले जावेत.