डिझेलचा हिशेब, हप्त्याचा आधार

नाशिक परिसरातून कसारा घाट उतरून मुंबईच्या बाजारात जाणारा भाजीपाला असो, वा बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्यात पोहोचणारी भाजी असो, तिचा बराचसा भार पिकअप वाहनांवर असतो. दीड टनाच्या आसपास माल वाहणारे हे वाहन अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. त्यांपैकी बरीच वाहने बँकेच्या कर्जातून घेतलेली असतात. वाहन घेताना ग्राहक व्याजदराची बारकाईने चौकशी करतो, पाव टक्क्यासाठी दोन-तीन बँकांचे उंबरठे झिजवतो. परंतु वाहन रस्त्यावर आल्यानंतर ज्या खर्चावर सर्वाधिक रक्कम जाते, त्या डिझेलचा हिशेब मात्र क्वचितच तितक्या काटेकोरपणे ठेवला जातो.

हप्ता मोठा की डिझेल?

एक सोपे उदाहरण घेऊ. सात लाख रुपयांचे कर्ज दहा टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १४,९०० रुपये येतो. हे वाहन महिन्याला ३,००० किलोमीटर धावते आणि लिटरमागे १२ किलोमीटर जाते असे मानल्यास २५० लिटर डिझेल लागते. गणिताच्या सोयीसाठी दर ९० रुपये धरला, तर ही रक्कम २२,५०० रुपये होते. म्हणजे डिझेलचा खर्च हप्त्याच्या दीडपट आहे. हप्ता ठरलेला असतो, विम्याची व कराची रक्कम ठरलेली असते आणि भाड्याचा दर बाजार ठरवतो. वाहनधारकाच्या हाती राहणारा मोठा खर्च एकच, तो म्हणजे इंधनाचा.

याच वाहनाचे ॲव्हरेज दहा टक्क्यांनी सुधारून १३.२ झाले, तर महिन्याला सुमारे २३ लिटर, म्हणजे २,००० रुपयांहून अधिक बचत होते. वर्षाकाठी ही रक्कम २४,५०० रुपयांच्या घरात जाते, म्हणजेच दीड हप्त्यापेक्षा जास्त. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास कर्जखाते अनुत्पादक वर्गात जाते, हा नियम लक्षात घेतला म्हणजे मंदीच्या महिन्यात हाताशी असलेल्या दीड हप्त्याचे मोल ध्यानात येते.

प्रथम मोजमाप

जे मोजले जात नाही त्यात सुधारणा करता येत नाही. ॲव्हरेज मोजण्याची खात्रीची पद्धत म्हणजे टाकी पूर्ण भरून किलोमीटरची नोंद करणे आणि पुढील वेळी पुन्हा पूर्ण भरताना लागलेल्या लिटरने धावलेल्या अंतरास भागणे. एकाच पंपावर, शक्यतो त्याच यंत्रावर डिझेल भरावे. एका फेरीच्या आकड्यावर विसंबू नये, कारण माल, चढ आणि वाहतूक यांमुळे तो बदलतो. चार-पाच भरण्यांची सरासरी विश्वसनीय असते.

ही वही आणखी एका कारणाने मोलाची आहे. ॲव्हरेज घटले की मालकाचा संशय प्रथम चालकावर जातो. वास्तविक चिकटलेला ब्रेक किंवा कमी हवेचा टायरही तेवढाच दोषी असू शकतो. तारीखवार नोंदी असतील, तर घट नेमकी केव्हा सुरू झाली हे दिसते, दोष शोधणे सोपे जाते आणि प्रामाणिक चालकावर विनाकारण ठपका येत नाही.

दोन वाहने असणाऱ्यांनी एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. लिटरमागे ८ किलोमीटर जाणारे वाहन ९ वर आणले, तर ३,००० किलोमीटरला सुमारे ४२ लिटर वाचतात. १४ जाणारे वाहन १५ वर आणले, तर केवळ १४ लिटर वाचतात. सुधारणा दोन्हीकडे एकाच किलोमीटरची, पण बचतीत तिपटीचा फरक. म्हणून दुरुस्तीचा पहिला पैसा जास्त डिझेल पिणाऱ्या वाहनावर खर्च करणे श्रेयस्कर.

इंधन जाते कोठे?

डिझेलमधील ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. उरलेल्या ऊर्जेतून वाहनाला प्रामुख्याने तीन गोष्टींवर मात करावी लागते: हवेचा अडथळा, टायरचे घर्षण आणि वजन हलवण्यास व चढवण्यास लागणारे बळ.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास वेग एक तृतीयांशाने वाढतो, परंतु अडथळा जवळजवळ १.८ पट होतो. पिकअपचा चौकोनी हौदा, वर बांधलेला उंच माल आणि फडफडणारी ताडपत्री यांमुळे तो आणखी वाढतो. त्यामुळे ताडपत्री घट्ट बांधणे, माल शक्यतो केबिनच्या उंचीच्या मर्यादेत रचणे आणि रिकाम्या फेरीत नको असलेला सांगाडा उतरवून ठेवणे हे बिनखर्चाचे उपाय आहेत. मोकळ्या रस्त्यावर ५० ते ६० चा एकसारखा वेग इंधनाच्या दृष्टीने हितकारक ठरतो.

टायरमध्ये हवा कमी असल्यास तो रस्त्यावर अधिक दबतो, तापतो आणि इंजिनाचे बळ खातो. हवा टायर थंड असताना तपासावी. पुढच्या व मागच्या चाकांसाठी, तसेच भरलेल्या व रिकाम्या वाहनासाठी दाब वेगवेगळा असतो. उत्पादकाने पुस्तिकेत वा दाराजवळील पट्टीवर दिलेले आकडे पाळावेत. फेरीनंतर एखाद्या चाकाजवळ इतरांहून जास्त उष्णता जाणवल्यास ब्रेक चिकटत असण्याची शक्यता असते. अशा वेळी चाकाला हात न लावता वाहन कारागिराकडे न्यावे.

चालकाचा पाय

डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतही चांगले बळ देते. म्हणून इंजिन ओरडेपर्यंत खालच्या गिअरमध्ये न ठेवता वेळेवर वरचा गिअर टाकावा. मात्र चढावर इंजिन दमू लागल्यास वरच्या गिअरचा हट्ट धरू नये. समोर सिग्नल वा अडथळा दिसताच ॲक्सिलरेटर सोडावा. ब्रेक लावून मोडलेला प्रत्येक वेग डिझेल जाळूनच कमावलेला असतो. क्लचवर पाय ठेवून वाहन चालवण्याची सवय इंधन आणि क्लचप्लेट दोन्हींचा नाश करते.

उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचते, हा समज आजही दृढ आहे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या इंजिनात वस्तुस्थिती उलट आहे. गाडी गिअरमध्ये असून पाय काढलेला असेल, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा जवळजवळ पूर्ण थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. शिवाय इंजिनाचा रोध नाहीसा झाल्याने सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि निकामी होऊ शकतात. घाटात ही तथाकथित बचत जिवावर बेतते.

माल भरताना किंवा टोल व बाजार समितीच्या फाटकांवर दीर्घकाळ थांबावे लागल्यास इंजिन बंद ठेवावे. उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा लिटर वा त्याहून अधिक डिझेल जाळते आणि त्या तासात भाडे एका रुपयाचेही मिळत नाही.

अधिक माल, अधिक नफा?

क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास फेरी वाचते, असा हिशेब काही वाहनधारक करतात. त्यात टायर, पाटे, क्लच व ब्रेक यांची झीज धरलेली नसते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. वरील उदाहरणातील वर्षभराची बहुतेक बचत एका वजनकाट्यावर संपू शकते.

खरी गळती रिकाम्या परतीत असते. १५० किलोमीटरच्या फेरीत भरलेले वाहन लिटरमागे ११ आणि रिकामे १४ किलोमीटर गेले, तर जाताना सुमारे १३.६ व येताना १०.७ लिटर लागतात. फेरीतील ४४ टक्के डिझेल कोणतीही कमाई न देता जळते. परतीचा निम्मा माल मिळाला, तरी तो कोणत्याही यांत्रिक सुधारणेपेक्षा अधिक लाभ देतो.

देखभाल आणि दिशाभूल

१ एप्रिल २०२० पासून नवी वाहने भारत स्टेज-६ मानकांची आहेत. यांतील बऱ्याच डिझेल वाहनांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. सतत लहान व मंद फेऱ्या केल्यास ती भरते आणि काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल खर्च होते. तिचा इशारा-दिवा लागल्यास पुस्तिकेतील सूचना तत्काळ पाळाव्यात. हवेची गाळणी, डिझेल फिल्टर आणि योग्य प्रतीचे इंजिन ऑइल वेळेवर बदलावे.

याउलट, डिझेलच्या नळीवर बसवण्याची चुंबके आणि टाकीत टाकण्याच्या चमत्कारी गोळ्या यांपासून दूर राहावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा अनेक उपकरणांची चाचणी घेतली आणि बहुतेकांपासून उल्लेखनीय लाभ आढळला नाही.

बचतीचे नियोजन

वाचलेली रक्कम दैनंदिन खर्चात मिसळली की ती दिसेनाशी होते. ती दरमहा आवर्ती ठेवीत जमा केल्यास टायर बदलण्याची किंवा विम्याची तजवीज आपोआप होते. नोकरीवर चालक असल्यास बचतीचा काही वाटा त्याला द्यावा, कारण ॲक्सिलरेटरवरील पाय त्याचाच असतो.

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो आणि एक लिटर डिझेल जळताना सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाहनधारकाने आपल्या संसारासाठी केलेली काटकसर अशा रीतीने देशाच्याही उपयोगी पडते. तिचा आरंभ मात्र एका साध्या वहीने आणि पुढच्या वेळी पूर्ण भरलेल्या टाकीने होतो.