विश्लेषण : पावसाळ्यात पूलचे टेबल ‘स्लो’ का होते?

हडपसर-मगरपट्टा भागात कंपनी सुटल्यावर तासाच्या दराने पूल खेळणाऱ्यांची पावसाळ्यातली तक्रार ठरलेली असते : बॉल पळत नाही, क्यू हातातून सरकतो. दोष बहुधा खेळाडूच्या हाताला दिला जातो. खरे कारण अनेकदा टेबलाच्या कापडात असते.

ओलाव्याचा काय संबंध?

हे कापड मुख्यतः लोकरीचे. बेल्जियमच्या ‘सिमोनिस’चे प्रसिद्ध ‘८६०’ कापड ९० टक्के लोकर आणि १० टक्के नायलॉनचे असते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषू शकते. दमट कापडावर बॉलला अडथळा वाढतो. म्हणूनच स्नूकरच्या व्यावसायिक स्पर्धांत टेबलाखाली हीटर लावतात.

कापड बसवताना चूक कुठे होते?

घाई होते ती तयारीत. कुशनच्या पट्ट्या खोलून जुने कापड, पिना आणि गोंदाचे कण काढावे लागतात. राईएवढा कणही नव्या कापडाखाली जाणवतो. त्याखाली स्लेट दगड असतो, मोठ्या टेबलात सहसा तीन तुकड्यांचा. स्पिरिट लेव्हलने तो समतल करून सांध्यात मेण भरतात आणि खरवडून सपाट करतात. हे काम टाळून वर कितीही महागडे कापड ताणले तरी उपयोग नाही.

मग ताण. आधी लांबीच्या दोन्ही टोकांना, नंतर बाजूंनी मध्यापासून पॉकेटकडे, सगळीकडे सारखा. मध्यभागी चिमटीत कापड सहज उचलले गेले तर ते सैल आहे. कुशनचे कापड मात्र जास्त ओढले तर रबर दबते आणि उसळी बिघडते. दमट हवेत बसवायचेच असेल, तर कापड आधी त्याच खोलीत उलगडून ठेवावे. स्नूकरच्या कापडाला लव असते. ती बॉकलाइनकडून काळ्या बॉलच्या दिशेने असावी लागते आणि ब्रशही त्याच दिशेने फिरवायचा.

आणि क्यूची पकड?

पूलच्या अनेक क्यूंना मागे रॅपसाठी उथळ खाच असते. तागाच्या दोऱ्याचा रॅप घाम टिपतो, चामड्याचा पकड देतो. बॅडमिंटनची ग्रिप स्वस्त पडते, पण थर खाचेबाहेर येऊन कडा हाताला लागते. गोंदाशिवाय चढणारी रबरी स्लीव्ह त्यापेक्षा बरी, नको वाटली तर काढता येते. पुढच्या हाताला टाल्कम पावडर लावू नये. ती कापडावर सांडून राहते. त्याऐवजी हातमोजा वापरावा. स्नूकरच्या क्यूला बहुधा रॅप नसतोच, तिथे कोरडा रुमाल पुरतो.

तासाचे पैसे मोजण्याआधी एक बॉल लांब कुशनच्या समांतर हळूच सोडून पाहावा. तो बाजूला वळला तर टेबल समतल नाही. सरळ जाऊन लवकर थांबला, तर कापड दमट किंवा मळलेले आहे.