दंतांतरगत कृमिदंत : निदान व उपचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वर्णिलेल्या आठ दंतरोगांपैकी कृमिदंत हा एक होय. दातास काळेपणा, छिद्र, दात हलणे, स्राव, शोथ आणि कारणावाचून उठणारी तीव्र वेदना ही त्याची लक्षणे आपण सर्वांनी पदवीच्या वर्षांत पाठ केलेली आहेत. अडचण अशी की, ही लक्षणे व्याधी बराच पुढे गेल्यानंतरची आहेत. दोन दातांच्या मध्ये सुरू होणाऱ्या किडीत तर यांपैकी एकही लक्षण दीर्घकाळ दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी नागपूरच्या महाल भागातील तिशीच्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. खालच्या उजव्या दाढेपाशी नेहमी एकाच फटीत अन्न अडकते आणि थंड पाणी लागते, एवढीच तक्रार होती. बॅटरीच्या उजेडात आम्हांस काळेपणा दिसला नाही, छिद्र दिसले नाही. दंतहर्ष समजून लवंग तेल आणि इरिमेदादि तेलाचा गंडूष दिला. आठ दिवसांत वेदना शमली. रुग्णाही समाधानी, आम्हीही. दोन महिन्यांनी त्या गाल सुजवून आल्या. दंतवैद्यांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रात दोन दाढांमधील पोकळी थेट नसेपर्यंत पोहोचलेली दिसली. लवंग तेलाने वेदना थांबली होती, कीड थांबली नव्हती. तो दोष औषधाचा नव्हे, आमच्या परीक्षणाचा होता.

ही कीड दोन दात एकमेकांस टेकतात त्या बिंदूच्या किंचित खाली सुरू होते. तेथे ब्रश पोहोचत नाही, बोटाने लावलेले मंजनही पोहोचत नाही. एनॅमल भेदून ती आतल्या मृदू डेंटिनमध्ये पसरते आणि चावण्याचा वरचा पृष्ठभाग मात्र अखंड राहतो. फार तर दाढेच्या कडेखाली राखाडी छाया जाणवते. म्हणून एकाच फटीत वारंवार अन्न अडकणे, तेथेच दोरा फाटणे, थंड वा गोड लागणे यांविषयी रुग्णास आवर्जून विचारावे.

निश्चितीसाठी ‘बाइटविंग’ हे क्ष-किरण चित्र उपयोगी पडते. अमेरिकन दंतवैद्य रेपर यांनी 1925 मध्ये ही पद्धती प्रचारात आणली. यात वरच्या व खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात. संपूर्ण जबड्याच्या ओपीजी चित्रात उपदाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात, म्हणून केवळ ओपीजीवर समाधान मानू नये. खनिज बरेच झिजल्याखेरीज चित्रात डाग उमटत नाही, हेही ध्यानी असावे. दातामागून तीव्र प्रकाश टाकून छाया पाहणे, किंवा दोन दातांमध्ये दोन-तीन दिवस रबरी कडे बसवून फट रुंदावणे व प्रत्यक्ष पाहणे, या पूरक रीती आहेत. आपल्या भागात खर्रा खाणाऱ्यांचे तोंडच पुरते उघडत नाही. त्यांच्यात फिल्म बसविणेही कठीण जाते. मेडिकल परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात रुग्ण पाठविताना चिठ्ठीवर कोणत्या दोन दातांमधली शंका आहे ते स्पष्ट लिहावे.

डाग दिसला की दात कोरलाच पाहिजे, असे आता मानले जात नाही. एनॅमलपुरती मर्यादित व पृष्ठभाग न फुटलेली कीड फ्लोराइड, फटीची स्वच्छता आणि साखरेचा संयम यांनी पुष्कळदा थांबते. जर्मनीत विकसित झालेल्या एका पद्धतीत अशा सच्छिद्र एनॅमलमध्ये पातळ राळ मुरविली जाते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 22 तरुण रुग्णांवरील अभ्यासात अठरा महिन्यांनंतर राळ मुरविलेल्या डागांपैकी 7 टक्के वाढले, केवळ स्वच्छतेवर ठेवलेल्यांपैकी 37 टक्के. अभ्यास लहान आहे. तरी ‘न कोरता’ उपचार शक्य आहे हे त्यातून दिसते. पोकळी झाल्यावर मात्र ती भरण्यास पर्याय नाही. वाग्भटांनीही पोकळ दात गूळ वा मेणाने भरून दहन करण्यास सांगितले आहे. भरण्याचा विचार आपणास परका नाही.

दातांत अडकलेले अन्न शोधनाने हळूच काढावे, असे सुश्रुतांनी भोजनोत्तर विधीत सांगितले आहे. आजचा दोरा म्हणजे तेच शोधन. पण दोरा नुसता सांगून भागत नाही. 2006 च्या एका समीक्षेत, लहान मुलांचे दात शाळेच्या दिवशी रोज जाणकारांनी दोऱ्याने साफ केले तेव्हा फटींतील किडीचा धोका 40 टक्क्यांनी घटला. स्वतः दोरा वापरणाऱ्यांत तसा लाभ आढळला नाही. रुग्णास आरशासमोर उभे करून शिकवावे लागते.

फ्लोराइडविषयी आपल्याकडे संभ्रम आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडील काही गावांत विहिरींच्या पाण्यातच ते अधिक असल्याने दातांवर डाग पडतात. पण तो दोष दात घडण्याच्या वयात पोटात जाणाऱ्या फ्लोराइडचा आहे. प्रौढाने थुंकून टाकलेल्या पेस्टचा नव्हे. लहान मुलांना अत्यल्प पेस्ट द्यावी, ती गिळू देऊ नये. अनेक आयुर्वेदिक पेस्टमध्ये फ्लोराइड नसते, हे ग्राहकाने विचारल्यास औषधी विक्रेत्यांनी सरळ सांगावे.

एक गोष्ट आपल्याच घरची. सितोपलादि चूर्णात सर्वाधिक भाग खडीसाखरेचा असतो, आणि आपण ते मधासह, अवलेह तर चमच्याने, ‘रात्री झोपताना’ लिहून देतो. रात्री लाळ कमी स्रवते आणि ती साखर फटींत सकाळपर्यंत राहते. औषध निजण्यापूर्वी तासभर आधी द्यावे व त्यानंतर दात घासण्यास सांगावे. विक्रेत्यांनीही, एकच ग्राहक लवंग तेलाची बाटली दुसऱ्यांदा मागू लागला, तर कोणत्या दाताला लावता, एवढे विचारून त्यास दंतवैद्याकडे धाडावे.