पहिले तट्टू

वरातीचा घोडा गल्लीत आला, की मुले खेळ सोडून धावतात. त्यातून घोडा लहानसा असेल, तर तो आपल्याच घरी असावा, असे प्रत्येकाला वाटते. परंतु घोडा लहान असला, तरी तो खेळणे नसतो. ही गोष्ट मला माझ्या लहानपणीच कळली.

औरंगाबाद शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आमच्या मोहल्ल्यात एक टांगेवाले चाचा राहत. त्यांनी आपल्या नातवासाठी एक तट्टू आणले. तट्टू म्हणजे लहान चणीचा घोडा. त्याच आठवड्यात शेजारी लग्न होते. जेवणात आपल्या शहराचा प्रसिद्ध नान-खलिया होता. उरलेले नान आम्ही मुलांनी गोळा केले आणि पाहुण्याचे स्वागत म्हणून तट्टूला पोटभर खाऊ घातले.

रात्री तट्टू अस्वस्थ झाले. ते पुढच्या पायाने जमीन उकरू लागले, मान वळवून पुन्हा पुन्हा पोटाकडे पाहू लागले, आडवे पडून लोळू लागले. चाचांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावणे पाठवले. मग आम्हांला जवळ बोलावून ते म्हणाले, "बेटा, याने काय खाल्ले ते खरे सांगा. मी रागावणार नाही." आम्ही सगळे खाली पाहू लागलो. शेवटी नातवाने रडत रडत सारे सांगून टाकले.

घोड्याच्या पोटदुखीला पोटशूळ म्हणतात. हा आजार जिवावर बेतू शकतो. घोड्याला माणसासारखी उलटी करता येत नाही. त्यामुळे चुकीचे अन्न एकदा पोटात गेले, की ते पुढेच सरकावे लागते. शिवाय शरीराच्या मानाने घोड्याचे जठर लहान असते. म्हणून रानात तो थोडे थोडे, पण दिवसभर चरतो. एकदम भरपूर नान, भाकरी किंवा धान्य त्याला सोसत नाही.

डॉक्टरांनी नाकातून नळी घालून औषध दिले. चाचा रात्रभर तट्टूजवळ जागे राहिले. पहाटे तट्टूने लीद टाकली, तेव्हा चाचांनी आकाशाकडे पाहून हात जोडले. लीद पाहून कोणाला इतका आनंद झालेला मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता! डॉक्टर नातवाला म्हणाले, "तू खरे सांगितलेस, म्हणून माझे काम सोपे झाले."

दुसऱ्या दिवसापासून चाचांनी आम्हांला तट्टूची निगा कशी राखावी ते शिकवले.

नवीन जनावर घरी आले, की पहिले काही दिवस गर्दी करू नये. जागा, माणसे, आवाज सारेच त्याला परके असते. त्याच्या मागून जाऊ नये. दचकले तर ते लाथ मारते. समोरून थोडे बाजूने, हळू बोलत जावे. जुन्या मालकाकडे ते जे खात होते, तेच आधी द्यावे आणि नवा चारा थोडा थोडा वाढवावा.

वाळलेले गवत हे त्याचे मुख्य अन्न. दोनशे किलो वजनाच्या तट्टूला दिवसाला सुमारे ३ ते ४ किलो सुका चारा लागतो. तो तीन-चार वेळा विभागून द्यावा. कोवळी हिरवी ज्वारी घालू नये. ती विषारी ठरू शकते. स्वच्छ पाणी नेहमी समोर असावे. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर सावली आणि पाणी यांत एक दिवसाचीही हयगय चालत नाही.

रोज खरारा करावा. खुरांत अडकलेले खडे काढावेत. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खुरे कापून घ्यावीत. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. तीन-चार वर्षांचे होईपर्यंत त्याच्यावर बसू नये. पुढेही बसणारा आणि खोगीर मिळून भार तट्टूच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त नसावा. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा राहिला, तर तो झुरतो. चाचांनी तट्टूच्या सोबतीला एक शेळी बांधली होती.

जगात याहूनही लहान घोडे आहेत. अर्जेंटिनातील फालाबेला घोड्याची उंची ८५ सेंटीमीटरपेक्षाही कमी असते. घोड्याची उंची डोक्यापर्यंत नव्हे, खांद्यापर्यंत मोजतात. आपल्या महाराष्ट्राचा काटक लहान घोडा म्हणजे भीमथडी. भीमा नदीच्या खोऱ्यावरून त्याला हे नाव पडले. मराठ्यांच्या घोडदळात त्याला मान होता. धनगर लोक आजही आपले बिऱ्हाड अशाच घोड्यांच्या पाठीवर लादून रानोमाळ फिरतात. २०२४ साली भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. घोड्यांचा मोठा बाजार पाहायचा असेल, तर दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेला जावे.

मित्रांनो, या विषयातील पुष्कळ मराठी शब्द तुम्हांला आधीच येतात. लगाम, जीन, रिकीब, नाल, चाबूक, तोबरा, तबेला हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले.

घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. आज त्याला घरी आणणारा मुलगा उद्या मोठा होईल, पण तट्टूची भूक रोज तीच राहील. चाचांचा नातू पुढे रोज शाळेत जाण्यापूर्वी तट्टूला पाणी पाजत असे. एकदा मी त्याला विचारले, "आज सुट्टी आहे ना?" तो म्हणाला, "सुट्टी मला आहे. त्याच्या तहानेला नाही."