औषधांच्या बिलातून काय काय दिसतं!

इंग्लंडमधल्या एखाद्या छोट्या गावातल्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना निवडा, कुठलाही. तिथून गेल्या जानेवारीत ॲमॉक्सिसिलिन किती वेळा लिहून दिलं गेलं, किती कॅप्सूल खपल्या, त्यांचे किती पौंड झाले, हे तुम्हाला आत्ता सोलापुरात बसून फुकट बघता येतं. दर महिन्याचं, दर औषधाचं, दर दवाखान्याचं! पेशंटचं नाव मात्र कुठेही नाही.

एवढी माहिती गोळा करायला केवढी मोहीम काढावी लागली असेल? मुळीच नाही. आपल्याकडे केमिस्ट चिठ्ठी बघतो, गोळ्या देतो, आपण पैसे मोजतो, विषय संपला. तिथे औषधाचे पैसे भरते सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस. पेशंटकडून प्रत्येक औषधामागे ठरावीक ९.९० पौंड, मग औषध दोन पौंडांचं असो की दोनशेचं. मुलांना आणि साठी ओलांडलेल्यांना तेही माफ. मग केमिस्टचे पैसे सुटणार कसे? दिलेल्या प्रत्येक औषधाचा हिशेब दर महिन्याला एनएचएसकडे पाठवायचा. वर्षाला अशा शंभर कोटींहून जास्त नोंदी होतात. बिलं चुकती करता करता अख्ख्या देशाच्या दुखण्यांची वही तयार झाली!

ही वही वाचायची किल्ली आणखी सुंदर आहे. प्रत्येक औषधाला १५ अक्षरांचा सांकेतिक क्रमांक असतो आणि तो आपल्या पिनकोडसारखा डावीकडून उलगडत जातो. सुरुवातीला ०२ दिसलं की औषध हृदय आणि रक्तवाहिन्यांचं. पुढे १२ आलं की कोलेस्टेरॉलचं. मग नेमकं रसायन, मग ब्रँड की जेनेरिक, मग गोळीची ताकद. आणि शेवटची दोन अक्षरं? ती सांगतात, या ब्रँडेड गोळीच्या तोडीची जेनेरिक गोळी कोणती!

आता या वहीतल्या कोट्यवधी ओळी कॉम्प्युटरपुढे ठेवा. २०१२ मध्ये बेन गोल्डेकर नावाच्या एका डॉक्टरांनी आणि काही प्रोग्रामर मंडळींनी नेमकं हेच केलं. कोलेस्टेरॉलच्या महाग, पेटंटवाल्या स्टॅटिनऐवजी स्वस्त जेनेरिक स्टॅटिन लिहिलं असतं तर? वर्षाला २० कोटी पौंडांहून जास्त वाचले असते! २०१५ पासून ऑक्सफर्डच्या ‘ओपनप्रिस्क्रायबिंग’ या वेबसाइटवर कुठलाही डॉक्टर आपला दवाखाना इतरांच्या शेजारी ठेवून बघू शकतो. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. आपण सवयीने काय लिहितो, ते डॉक्टरला एरवी कोण दाखवणार?

या आकड्यांत काळही उमटतो. हिवाळा आला की अँटिबायोटिक्सचा आलेख वर चढतो. मार्च २०२० मध्ये दम्याच्या इनहेलरची मागणी एकदम उसळली. कोरोनाच्या धास्तीने लोकांनी पंप घरात आणून ठेवले. पाठोपाठ अँटिबायोटिक्सचा आलेख घसरला.

आणि कधी कधी किंमत एकटीच पळताना दिसते. थायरॉइडसाठीची लायोथायरोनिन ही गोळी दशकानुदशकं जुनी, पेटंट कधीच संपलेलं. २००९ मध्ये तिचं पाकीट एनएचएसला साधारण २० पौंडांना पडायचं, २०१७ मध्ये तेच २४८ पौंडांना. गोळीत काडीचाही फरक नाही! बाजारात ती पुरवणारी कंपनी एकच होती, एवढंच. २०२१ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने या भाववाढीबद्दल ठोठावलेला दंड १० कोटी पौंडांच्या वर गेला.