बीदरच्या आभाळातला वेग

औराद, भालकी, बसवकल्याणच्या शिवारांत जेटचा आवाज नवा नाही. हवाई दलाचं सूर्यकिरण हवाई कसरत पथक १९९६ साली बीदरच्या तळावरच उभं राहिलं. २००८मध्ये इथे हॉक प्रशिक्षण विमानं आली. कलबुर्गीला नोव्हेंबर २०१९मध्ये आणि बीदरला फेब्रुवारी २०२०मध्ये प्रवासी विमानंही सुरू झाली. पण डोक्यावरून गेलेलं विमान किती वेगात होतं, या प्रश्नाला वैमानिकाकडे एक उत्तर नसतं.

वेग मोजण्यासाठी विमानाच्या बाहेर पुढे तोंड केलेली एक बारीक नळी असते. पॅरिसच्या सेन नदीचा प्रवाह मोजायला आंरी पितो यांनी १७३२ साली योजलेल्या नळीचीच ही वंशज. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब आणि बाजूच्या छिद्रातला स्थिर दाब यांतल्या फरकावर वेगमापकाचा काटा फिरतो. विमान उभं असताना या नळीवर लाल फीत लोंबणारं टोपण चढवतात, कारण कुंभारीण माशी आत माती भरू शकते.

काटा दाखवतो तो दर्शनी वेग. उपकरणाच्या आणि नळीच्या जागेच्या चुका काढल्या की सुधारित वेग. मोठ्या वेगात हवा दाबली जाते, तो परिणाम वजा केला की समतुल्य वेग. त्यात हवेच्या विरळपणाचा हिशेब धरला की हवेतला खरा वेग, आणि त्यात वारा मिळवला की जमिनीवरचा वेग.

या हिशेबाची खरी किंमत बीदरच्या उन्हाळ्यात कळते. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर उंच. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की हवेची घनता समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी घटते. काट्यावर १२० नॉट दिसत असताना विमान हवेतून जवळपास १३० नॉटने जात असतं. पंखांना मात्र काट्यावरचे १२०च कळतात. उचल त्यांच्याच हिशेबाने मिळते. वारा नसेल तर चाकांना ताशी सुमारे १९ किलोमीटर जास्त पळावं लागतं, म्हणून धावपट्टी जास्त लागते. दर्शनी वेग खोटा आणि खरा वेग तेवढा महत्त्वाचा, हा समज म्हणूनच घातक आहे. विमान कोसळू नये म्हणून वैमानिक पाहतो तो दर्शनी वेगच.

या वेगांच्या नावांसाठी इंग्रजी आणि फ्रेंच पुस्तकं शेजारी ठेवली की गुंता वाढतो. दर्शनी वेगाचं इंग्रजी आयएएस म्हणजे फ्रेंच व्हीआय, हवेतल्या खऱ्या वेगाचं टीएएस म्हणजे व्हीपी. फ्रेंचमध्ये व्हीसी हा सुधारित वेग. इंग्रजी संकेतात तीच अक्षरं विमानाच्या रचनेसाठी धरलेल्या प्रवासवेगाची. व्हीएस तर त्याहून जपून वाचावं. फ्रेंच पाठ्यपुस्तकात तो जमिनीवरचा वेग असू शकतो. इंग्रजीत तो पंखांची उचल तुटण्याचा वेग. अक्षरांमागची व्याख्या पाहिल्याशिवाय आकडा उचलू नये, असं मला ठामपणे वाटतं.

रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये कोसळलं. २२८ जण गेले. बर्फाच्या कणांनी नळ्या तुंबल्या, वेगाचे आकडे काही काळ बिघडले आणि ऑटोपायलट सुटला. अशा प्रसंगासाठी कंपनीच्या पुस्तकात कृती होती, तिच्या फ्रेंच नावातही इंग्रजी आयएएस तशीच होती: ‘व्होल आव्हेक आयएएस दूतज’, म्हणजे दर्शनी वेग संशयास्पद असतानाचं उड्डाण. काट्याकडे न पाहता नाकाचा कोन आणि इंजिनाचा जोर ठरलेल्या आकड्यांवर धरायचा, हा तिचा गाभा होता. त्या रात्री ते झालं नाही.